दिवा दूर, कळ हाती

डहाणूहून बोर्डीकडे जाणारा किनाऱ्याचा रस्ता नरपड मागे टाकून पुढे गेला की चिखले लागते. एका अंगास सुरूची बने आणि समुद्र, दुसऱ्या अंगास चिकूच्या वाड्या. या किनाऱ्याचे तोंड पश्चिमेकडे असल्यामुळे सायंकाळी समुद्र पाठीशी घेऊन उभ्या राहिलेल्या माणसांच्या मागे सूर्य असतो. आकाश सोनेरी उतरते आणि माणसे काळी उतरतात. कॅमेऱ्यावरच बसवलेला फ्लॅश चमकवला तर चेहरे उजळतात खरे, पण भिंतीला चुना फासल्यासारखे सपाट दिसतात. चेहऱ्याला घडण येते ती बाजूने पडणाऱ्या प्रकाशामुळे. त्यासाठी दिवा कॅमेऱ्यापासून दूर ठेवावा लागतो आणि त्याला योग्य क्षणी हुकूम देणारा दूत लागतो. हा दूत म्हणजे बिनतारी ट्रिगर.

याच तालुक्यातील एका किराणा व्यापाऱ्याचा मुलगा बी.कॉम. होऊन छायाचित्रणाच्या व्यवसायात शिरला. काही महिन्यांतच घरातून एक काम त्याच्याकडे आले. त्याच्या आतेबहिणीची दीक्षा ठरली होती. गृहस्थवेषातील तिची शेवटची छायाचित्रे आई-वडिलांसह चिखल्याच्या किनाऱ्यावर घ्यावीत, अशी आत्याची इच्छा होती. लग्नातील एखादे छायाचित्र बिघडले तर वधू-वरांना पुन्हा उभे करता येते. येथे ती सोय नव्हती. वेष बदलल्यावर ती मुलगी त्या घराची लेक म्हणून पुन्हा कॅमेऱ्यासमोर येणार नव्हती.

ट्रिगरच्या खरेदीसाठी पैसे मागितले तेव्हा वडिलांनी दुकानदारासारखाच प्रश्न केला, "अरे, मूठभर डबी ती. स्वस्तात मिळत असताना महाग का घ्यायची?" मुलाने उत्तर देण्यास आठवडा घेतला आणि त्या आठवड्यात त्याने केलेला अभ्यास कोणत्याही व्यापाऱ्याने नजरेखालून घालावा असा आहे.

पहिला पर्याय प्रकाशानेच प्रकाशाला जागवण्याचा. एक फ्लॅश चमकला की दुसऱ्याचा डोळा तो पाहतो आणि तोही चमकतो. यात खर्च जवळजवळ नाही आणि बंद खोलीत ही युक्ती उत्तम चालते. परंतु समुद्रकाठच्या उन्हात तो डोळा दिपतो, मध्ये माणूस आला तर आंधळा होतो, आणि शेजारच्या पाहुण्याच्या फ्लॅशलाही इमानाने सलाम करतो. शिवाय आजचे स्वयंचलित फ्लॅश मुख्य झोतापूर्वी मोजमापासाठी एक हलका झोत सोडतात. साधा डोळा त्यालाच फसतो आणि खरा क्षण येण्याआधीच रिकामा होतो.

दुसरा पर्याय रेडिओलहरींचा. येथे दृष्टिरेषेची गरज नाही आणि उन्हाची भीती नाही. बहुतेक ट्रिगर २.४ गिगाहर्ट्‌झच्या पट्ट्यात बोलतात. भारतात हा पट्टा २००५ पासून परवानामुक्त आहे. मात्र वाय-फाय आणि ब्लूटूथही त्याच पट्ट्यात वावरतात, त्यामुळे गर्दीच्या मंडपात वाहिनी बदलण्याची आणि स्वतःचा ओळख-क्रमांक देण्याची सोय ट्रिगरमध्ये हवी. या लहरी पाणी शोषून घेते आणि माणसाचे शरीर बव्हंशी पाणीच आहे. म्हणून फ्लॅश गर्दीच्या कमरेएवढ्या उंचीवर न ठेवता स्टँडवर डोक्यांच्या वर ठेवणे हिताचे.

अमेरिकेतील मामांनी स्वतःकडील पॉकेटविझार्ड पाठवण्याची तयारी दाखवली. मुलाने नम्रपणे नकार दिला. त्या कंपनीचे अमेरिकेतील संच ३४४ मेगाहर्ट्‌झच्या आसपास बोलतात, तर युरोपसाठीचे ४३३ च्या आसपास. एकाच नावाचे दोन संच असूनही त्यांना एकमेकांची भाषा कळत नाही. येथे एखादा संच बिघडला तर त्याच जातीचा दुसरा कोठून आणावा? फुकट आलेली वस्तू देखील जोडीदार मिळेना तर महागच पडते.

मग प्रश्न आला हाताने आणि आपोआप शक्ती ठरवणाऱ्या यंत्रांचा. साधा ट्रिगर केवळ 'चमक' एवढेच सांगतो. फ्लॅशची शक्ती वाढवायची तर दर वेळी स्टँडपाशी जावे लागते. दुसऱ्या प्रकारात कॅमेऱ्यावरूनच प्रत्येक गटाची शक्ती कमी-जास्त करता येते. कॅननने रेडिओ अंगभूत असलेला ६००ईएक्स-आरटी हा फ्लॅश २०१२ मध्ये आणला, निकॉनचा एसबी-५००० हा २०१६ मध्ये आला. गोडॉक्ससारख्या चिनी कंपन्यांनी हीच सोय पुष्कळ कमी किमतीत दिली. गोडॉक्सच्या पद्धतीत कॅमेऱ्यावर बसणारा ट्रिगर त्या कॅमेऱ्याच्या कंपनीसाठीचाच घ्यावा लागतो. दूर ठेवलेले फ्लॅश मात्र कॅमेरा बदलला तरी कामी येतात. व्यापारी भाषेत सांगायचे तर कॅमेरा बदलताना केवळ किल्ली बदलते, कोठार तेच राहते. हा मुद्दा वडिलांना चटकन पटला.

किनाऱ्यासाठी आणखी एक हिशेब होता. कॅमेऱ्याचा पडदा पूर्ण उघडा असताना फ्लॅश चमकला पाहिजे. बहुतेक कॅमेऱ्यांत ही मर्यादा एका सेकंदाचा २०० वा किंवा २५० वा भाग एवढी असते. त्याहून वेगाने छायाचित्र घेतले तर पडद्याची काळी पट्टी उमटते. काही ट्रिगर अतिवेगाची सोय देतात, पण तेव्हा फ्लॅश आपली शक्ती अनेक तुकड्यांत वाटतो आणि झोत पुष्कळ क्षीण होतो. अंतर दुप्पट केले की प्रकाश चौथाई उरतो, हे गणितही ध्यानात ठेवायचे. सूर्याशी स्पर्धा करताना शक्ती उधळून चालत नाही. म्हणून सूर्य क्षितिजाला टेकेपर्यंत थांबावे, वेग मर्यादेतच ठेवावा आणि फ्लॅश माणसांच्या जवळ आणावा, असे त्याने ठरवले.

काकांच्या कपाटात जुना व्हिव्हिटार २८३ होता. तोही वापरावा असा आग्रह झाला. या फ्लॅशच्या जुन्या घडणीतील काही नगांच्या संपर्कबिंदूवर २०० व्होल्टहून अधिक दाब असतो. त्याविषयीच्या आंतरराष्ट्रीय मानकात तो दाब २४ व्होल्टच्या आत असावा असे आहे. मीटर लावून पाहिल्याशिवाय असा फ्लॅश नव्या कॅमेऱ्यावर किंवा ट्रिगरवर बसवणे म्हणजे वारशाच्या प्रेमापोटी भांडवल जाळणे होय. तो आदराने कपाटातच राहिला.

शेवटचा विचार हवेचा. समुद्रकाठच्या खाऱ्या दमट हवेत पितळी पत्र्यांवर हिरवी बुरशी धरते. साध्या पेन्सिल सेलमधून क्षार गळतात. त्यामुळे पुन्हा भरता येणारे सेल वापरावेत, काम संपताच ते काढून ठेवावेत आणि संपर्कबिंदू कोरड्या कापडाने पुसावेत. एक ट्रिगर आणि एक फ्लॅश राखीव असावा. त्याहून अधिक संग्रह नको. गरजेपुरते परिमाण ठरवणे हे आपल्या अणुव्रतांपैकी एक आहे आणि ते जमाखर्चाच्या वहीलाही मानवते.

किनाऱ्यावरची छायाचित्रे मनासारखी झाली. ओहोटीच्या ओल्या वाळूवर लेक मध्ये, आई-वडील दोन्ही बाजूंस, मागे मावळतीचे आकाश आणि डाव्या बाजूने आलेला मऊ प्रकाश. आईच्या डोळ्यांतील पाणी त्यात स्पष्ट दिसते.

दीक्षामंडपात मात्र वेगळी कसोटी होती. विद्युत् सचित्त की अचित्त, याविषयी आपल्या परंपरांमध्ये मतभेद आहेत आणि अनेक साधू-साध्वी आपल्यासमोर फ्लॅश चमकवू देत नाहीत. मुलाने आदल्या दिवशीच महाराजसाहेबांच्या चरणी जाऊन विचारले. वरघोड्यात आणि वर्षीदानात हरकत नव्हती. पुढील विधींत फ्लॅश नको, असे सांगण्यात आले. रजोहरण हाती येण्याची घटिका जवळ आली तेव्हा त्याने ट्रिगरवरील एकेक कळ दाबून तिन्ही गट बंद केले. स्टँडपर्यंत धावपळ झाली नाही, की कोणाचे ध्यान विचलित झाले नाही. ओघा घेऊन नाचणाऱ्या बहिणीचे छायाचित्र त्याने मंडपाच्या कनातीतून झिरपणाऱ्या दिवसाच्या उजेडात टिपले. ते थोडे रवाळ आले आहे. आत्याच्या घरी दिवाणखान्यात किनाऱ्यावरचे आणि हे, अशी दोन्ही छायाचित्रे शेजारी-शेजारी लावलेली आहेत.

खरेदीच्या वेळी यंत्र किती दूरवर पोहोचते, किती लखलखते, हे प्रत्येक विक्रेता सांगतो. ते हवे तेव्हा, जागच्या जागी, निमूटपणे थांबवता येते का, हे ग्राहकानेच विचारायचे असते. आपल्या मुलांनी नवे धंदे जरूर करावेत. त्यांच्या मागणीवर वडीलधाऱ्यांनी "महाग का?" एवढेच न विचारता "कशासाठी?" असेही विचारावे आणि उत्तरासाठी त्यांना आठवडाभराचा अवधी द्यावा.