उसने सरळपण

आमच्या घराण्यात जमीन फारशी नाही, सोने तर नाहीच. पण कुरळे केस मात्र आजीपासून अखंड चालत आले आहेत. मराठी कवींनी कुरळ्या बटांवर किती शाई सांडली असेल, देव जाणे! पण ते कौतुक कवितेपुरतेच. मुलगी दाखवायची वेळ आली की घरातल्या सगळ्यांना त्याच बटांचे एकदम जंगल दिसू लागते.

माझ्या ताईचे तसेच झाले. पाहुणे यायच्या आठ दिवस आधी मामींनी तिला गोंदियाच्या बाजारातल्या एका पार्लरमध्ये नेले. चार-पाच तासांनी ताई परतली ती पाठीवर सुतासारखे सरळ केस घेऊन. आजीने कपाळावर हात आडवा धरून तिला न्याहाळले आणि विचारले, "कोणाची वं तू, पोरी?" आम्ही पोट धरधरून हसलो.

ही जादू घडते कशी, याचा तेव्हापासून मला नादच लागला. केस म्हणजे केराटिन नावाचे प्रथिन. त्याच्या साखळ्या गंधकाच्या बंधांनी एकमेकींना जखडलेल्या असतात. थायोग्लायकोलेट नावाचे रसायन हे बंध तोडते. मग तापत्या इस्त्रीने केस ताणायचे आणि हायड्रोजन पेरॉक्साइडने बंध नव्या जागी बांधून टाकायचे. यालाच रिबाँडिंग म्हणतात. तुटलेले सगळेच बंध मात्र पुन्हा जुळत नाहीत. गंमत अशी की नको असलेले केस काढण्याच्या क्रीममध्येही याच जातीचे रसायन असते! अमेरिकेतल्या कृष्णवर्णीय स्त्रियांनी पिढ्यान्‌पिढ्या वापरलेल्या काही 'रिलॅक्सर'मध्ये तर चक्क कॉस्टिक सोडा असतो. तो टाळूही भाजतो.

आपल्या भातगिरण्यांच्या गावात हे समजायला सोपे आहे. धान भिजवून, वाफवून भरडला की तो तांदूळ 'उसना'. तो पुन्हा 'अरवा' होणे नाही. पण बांधीत पुढच्या वर्षी उगवतो तो कच्चा धानच. केसांचेही तेच. रसायन बाहेरच्या निर्जीव केसाला लागते. मुळातून येणारा केस मात्र आजीचाच.

ताईचे लग्न जमले. केस महिन्याला साधारण एक सेंटिमीटर वाढतो. सहा महिन्यांत तिच्या भांगाशी तीन बोटे कुरळी पट्टी उभी राहिली. सासरी तर सगळ्यांना सरळ केसांचीच सून ठाऊक! मग दुसऱ्यांदा रिबाँडिंग. क्रीम फक्त नव्या वाढीला लावायची असते, पण हात घाईचा असला की ती जुन्या भागावर उतरते आणि आधीच पोकळ झालेला केस तिथेच मोडतो. मुळापासून गळलेल्या केसाच्या टोकाला बारीक पांढरी गाठ असते. ताईच्या कंगव्यातल्या तुकड्यांना ती नव्हती. तिसऱ्या वर्षी तिची मनगटाएवढी वेणी करंगळीएवढी झाली.

मग कोणी 'केराटिन' सुचवले. त्या वेळी तिच्या डोळ्यांतून घळघळा पाणी आले. अशा काही द्रावणांतून तापल्यावर फॉर्माल्डिहाइडचा वायू सुटतो, आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००४ सालीच त्याला माणसाला कर्करोग करणारा ठरवले आहे. २०२२ साली अमेरिकेत ३३ हजारांहून अधिक स्त्रियांची पाहणी प्रसिद्ध झाली. वर्षात चारपेक्षा जास्त वेळा केस सरळ करणाऱ्या स्त्रियांत गर्भाशयाच्या कर्करोगाचे प्रमाण दुपटीहून अधिक आढळले. रसायनच कारण, असे त्यातून सिद्ध होत नाही, आणि आमची ताई काही वर्षातून चारदा जात नव्हती. मला काळजी वाटते ती पार्लरमध्ये दिवसभर तो धूर हुंगणाऱ्या, आपल्याच वयाच्या मुलींची. त्यांना कोण विचारतो?

आता माझी पाळी आहे. पाहुणे पुढच्या महिन्यात येतील म्हणतात; मामी पार्लरचा भावही विचारून आल्या. केस आहेत तसेच दिसतील, असे मी आईला सांगितले. आई गप्प राहिली. दिवाळीला ताई आली ती खांद्यापर्यंत केस कापून. सासूबाई दोन दिवस बोलल्या नाहीत म्हणे. कानांपर्यंत कुरळे, खाली अजून सरळ. कात्रीचे चार बोटांचे काम बाकी आहे.