गेटवरचा काटा आणि दोन लिबकर्ल

गेटवरचा वजनकाटा अडला की कारखान्यातलं सगळंच अडतं. तारापूर एमआयडीसीतल्या एका रसायन कारखान्यात हेच झालं होतं. भरलेला ट्रक काट्यावर चढायचा, वजन पडद्यावर दिसायचं, पण पावती मुंबईच्या ऑफिसच्या सर्व्हरपर्यंत पोचत नव्हती आणि तिथून होकार आल्याशिवाय गेटपास निघत नाही. मी पालघरला राहतो, अशीच कामं करतो. बोईसरला उतरून शेअर रिक्षाने पोचलो, तोवर चिल्हारमार्गे हायवेला जाणाऱ्या गाड्या गेटबाहेरपर्यंत तुंबल्या होत्या.

काट्यावरचे काका म्हणाले, "नेट चालू आहे हो. आतल्या पोराने सगळं परत टाकूनही बघितलं."

खरंच टाकलं होतं. मशीनवर डेबियन ११. एपीटीने कर्ल आणि लिबकर्ल पुन्हा इन्स्टॉल झालं होतं, कुठेही एरर नाही. तरी कर्लने पावती पाठवणारी स्क्रिप्ट चालवली की कर्ल म्हणायचं, एचटीटीपीएस लिबकर्लमध्ये नाही. स्क्रिप्टमध्ये तर /यूएसआर/बिन/कर्ल असा पूर्ण पत्ता लिहिलेला. एपीटी स्वतः मात्र एचटीटीपीएसवरून पॅकेजं आणत होतं, कारण त्याचं काम लिबकर्लवाचून चालतं.

त्याच कर्लला आवृत्ती विचारली. कर्ल ७.७४.०, पण पुढे लिबकर्लचा आकडा भलताच, आणि दोन्ही जुळत नसल्याचा इशारा. मग एलडीडी चालवलं आणि चोर सापडला: डेबियनचं कर्ल /यूएसआर/लोकल/लिब मधलं लिबकर्ल उचलत होतं. ही फाइल कोणत्या पॅकेजची, असं डीपीकेजीला विचारलं. कोणत्याच नाही.

आदल्या आठवड्यात नंबरप्लेटचा फोटो काढणारा कॅमेरा बसवला होता. त्याच्या प्रोग्रॅमला नवं लिबकर्ल हवं होतं, म्हणून बसवणाऱ्याने ते सोर्सवरून बांधलं. ७.७७ पासून कर्लचं कॉन्फिगर टीएलएसबद्दल स्पष्ट सांगितल्याशिवाय पुढे सरकत नाही. त्याने टीएलएस नको असं सांगून वाट काढली. कॅमेरा कारखान्याच्या आतल्याच नेटवर्कवर, त्याचं काही अडलं नाही. अडलं काट्याचं.

पुन्हा इन्स्टॉल करून काही होणारच नव्हतं. /यूएसआर/लोकल ही मशीन सांभाळणाऱ्याची जागा, पॅकेजने तिथे फाइल ठेवायची नाही, असा डेबियनचा नियमच आहे. नियम चांगला आहे, आपल्या हाताने ठेवलेलं त्यामुळे सुरक्षित राहतं. पण लायब्ररी शोधताना तीच जागा आधी बघितली जाते. म्हणजे डेबियनकडून येणारी सुरक्षेची दुरुस्तीही /यूएसआर/लिब मध्ये नुसती पडून राहते, चालते ती जुनीच फाइल. पावती अडली म्हणून हे कळलं तरी. नाहीतर वर्षानुवर्षं कळत नाही, आणि मला खरी काळजी त्याचीच वाटते.

सोर्सचं फोल्डर शाबूत होतं. त्यातून मेक अनइन्स्टॉल केलं, एलडीकॉन्फिग चालवलं, आणि तुंबलेल्या पावत्या निघाल्या. कॅमेऱ्यासाठी लिबकर्ल /ऑप्ट खाली वेगळं बांधलं, या वेळी ओपनएसएसएलसह, आणि त्याचा रस्ता फक्त त्या प्रोग्रॅमच्या सुरुवातीच्या स्क्रिप्टमध्ये दिला.

बोईसर पट्ट्यात एकाच मशीनवर काटेवाला, कॅमेरेवाला, अकाउंटवाला असे सगळे हात मारून जातात. तुमच्याकडे असं मशीन असेल, तर आजच /यूएसआर/लोकल/लिब मध्ये काय आहे ते बघा. आणि सोर्सवरून काही टाकू द्याल तेव्हा कोणी, कशासाठी, कुठे टाकलं, हे मशीनजवळच्या वहीत लिहून घ्या. सोर्सचं फोल्डर पुसू देऊ नका.