कुरडूचीं फुलें

पाहुणे आले कीं त्यांना बिबीचा मकबरा दाखविण्यास आम्हांस न्यावेंच लागतें. ते घुमटाकडे पाहात राहतात. आम्ही मात्र प्रवेशद्वाराच्या पितळी पत्र्यापाशीं रेंगाळतों. त्यावर वेली व फुलें उठविलेलीं आहेत. दिलरस बानू बेगम १६५७ सालीं वारली व तिच्यासाठीं ही वास्तु बांधली गेली. भोंवतालच्या बागेस पाणी चुकलें कीं ती करपते. पितळेच्या फुलास ती भीति नाहीं.

छत्रपती संभाजीनगर, म्हणजे २०२३ पर्यंतचें औरंगाबाद, येथें फुलांचा प्रश्न मुळांत पाण्याचा प्रश्न आहे. मलिक अंबरानें १६१० सालीं खडकी वसविली व पुढें जमिनीखालच्या नहरींनीं तीस पाणी पुरविलें. अलीकडे पाणी येतें तें पैठणच्या जायकवाडी धरणांतून; पण नळास तें कित्येक दिवसांआड येण्याची संवय इथल्या गृहिणींस फार वर्षांची आहे. वैशाखांत पिंपांतलें पाणी स्वयंपाकास राखावें कीं शेवंतीस घालावें?

उन्हाळ्यांत आपण पावसाळ्याची बेगमी म्हणून सांडगे-पापड वाळवितों. फुलांची बेगमी आम्हीं उलट केली. मृगाच्या पावसावर गच्चीवरील कुंड्यांत कोंबडा आणि जांभळीं, बोराएवढीं बटनफुलें पेरलीं. तिसरें फूल फुकटच मिळालें. वेरुळच्या रस्त्यानें शेतांच्या बांधांवर भाद्रपद-आश्विनांत कुरडूचे रुपेरी-गुलाबी तुरे उभे असतात. शेतकऱ्याच्या लेखीं तें तण, कोंवळेपणीं भाजी. पण तो कोंबड्याचाच रानटी भाऊबंद असून वाळल्यावर त्याचा आकार जराही मोडत नाहीं.

पहिल्या वर्षीं उतावळेपणानें श्रावणांतच फुलें कापलीं. सारीं बुरशीनें गेलीं. उरलेलीं उन्हांत टांगलीं, तर त्यांचा रंग उडाला. आतां पाऊस सरल्यावर, दंव ओसरून ऊन चढण्यापूर्वीं आम्ही फुलें कापतों. बीं धरण्यापूर्वींच कापावीं, नाहीं तर तुरा झडतो. पानें काढून पांच-सहा दांड्यांची जुडी बांधावी व अंधाऱ्या पण हवेशीर खोलींत तोंड खालीं करून दोन-तीन आठवडे टांगावी. देठ वाळून बारीक होतात व गांठ सैल पडते. ती मधून मधून आवळावी. ऑस्ट्रेलियांतून आलेलीं कागदी फुलें मात्र हिवाळ्यांत लावावीं आणि पुरतीं उमलण्याआधींच कापावीं, कारण वाळतां वाळतांही तीं उमलत राहतात.

आत्याबाईंस हा उद्योग मुळींच रुचला नाहीं. “निर्माल्य कोणी दिवाणखान्यांत मांडतें का?” असें त्या म्हणाल्या. देवास शिळें फूल चालत नाहीं. तुळस व गंगाजल यांस तेवढा तो दोष नाहीं, हें आम्हांसही ठाऊक होतें. पण निर्माल्य म्हणजे देवावरून उतरलेलें फूल. हीं तर देवापर्यंत गेलींच नव्हतीं! हा युक्तिवाद त्यांस पटला नाहीं व दोन दिवस अबोला राहिला. अखेर देवघरांत वाळकी पाकळीही जाणार नाहीं असें ठरलें. तेथें जास्वंदीच्या एकाच कुंडीचें ताजें फूल जातें. तिला तांदूळ धुतलेलें पाणी मिळतें.

यंदा चैत्रगौरीच्या हळदीकुंकवास आरास करतांना फुलें कमी पडलीं. आत्याबाईंनीं स्वतःच कुरडूची जुडी मागितली व पितळी तांब्यांत घालून गौरीपासून दोन हात दूर मांडली. शेजारची एक चिमुरडी त्या तांब्यांत पाणी ओतूं लागली, तेव्हां तिला त्यांनींच अडविलें.