हात बसेपर्यंत

ताईने लाटलेल्या पहिल्या पोळ्यांना आमच्या घरात 'नकाशे' म्हणत. कधी ऑस्ट्रेलिया, कधी आफ्रिका, कधी नुसतीच लंका. महिनाभर ते नकाशे बाबांच्या ताटात पडत आणि बाबा अवाक्षर न काढता खात. "हात बसतोय तिचा," आई म्हणायची. तबल्यावर हात बसतो, शिवणयंत्रावर बसतो, इंजेक्शनच्या सुईवरही बसतो. आणि तो बसेपर्यंत काहीतरी वाया जाणार, हे सगळ्यांनी न बोलता धरून चाललेलं असतं. कणीक, कापड, नाहीतर शेजाऱ्यांची दुपारची झोप.

गेल्या पावसाळ्यात कणकेच्या जागी मी होतो.

मुंबईतलं एक मोठं सरकारी रुग्णालय. मी डाव्या कुशीवर, दातांत प्लास्टिकची कडी, घशात झायलोकेनचा फवारा मारल्यामुळे जीभ दुसऱ्या कुणाची तरी. बाहेर बाकावर सगळे एकमेकांना विचारत होते, "तुमची पण दुर्बीणच का?" गॅस्ट्रोस्कोपी हा शब्द केसपेपरपुरता, तोंडी सगळीकडे दुर्बीणच. दुर्बीण घालणार, दुर्बिणीतून बघणार. लांबचं बघायचं यंत्र, आणि बघायचं कुठे, तर बेंबीच्या वीतभर वर. पण शब्द चुकलेला नाही. साठ वर्षं ज्याला रोज दोन वेळा भरवलं, ते पोट मी कधी पाहिलं होतं?

दुर्बीण एका मुलीच्या हातात होती. मुलगीच म्हणतो, तिशीची असेल. एम.डी. होऊन आता पोटविकारांचं डी.एम. करत होती. डाव्या हातात दुर्बिणीची मूठ, तिच्यावर दोन चाकं, एक वर-खाली, एक डावी-उजवी; उजव्या हातात काळी लांब नळी. "काका, गिळा. अजून एकदा. शाब्बास." पडदा एकदम लालभडक झाला आणि मला उमासा आला. तेव्हा तिच्या मागून एक शांत आवाज आला.

"लाल झालं ना? मग ढकलायचं नाही. मागे ये. दिसलं की पुढे."

सरांकडे मी डोळ्यांच्या कोपऱ्यातून पाहिलं. त्यांनी दोन्ही हात पाठीमागे एकमेकांत गुंतवून धरले होते, लहान मुलाने मिठाईच्या दुकानात धरावेत तसे. पुढे होऊन दुर्बीण हिसकावली असती तर दोन मिनिटांत माझी सुटका झाली असती. त्यांनी हिसकावली नाही. मला तेव्हा त्यांचा राग आला, हे लपवत नाही.

घरी येऊन घसा शेकत मी वाचत बसलो. १८६८ मध्ये जर्मनीतल्या फ्रायबुर्गमध्ये अडॉल्फ कुसमाउल या डॉक्टराने जिवंत माणसाच्या जठरात डोकावायला पहिल्यांदा नळी घातली. सत्तेचाळीस सेंटिमीटरची, सरळसोट, ताठ. ती कोण गिळणार? त्याने एक तलवार गिळणारा गाठला. म्हणजे या विद्येच्या पहिल्या दिवशी हात कुणाचाच बसलेला नव्हता. बसलेला होता तो रुग्णाचा गळा. उजेड पुरेना म्हणून फारसं दिसलंही नाही.

पुढे म्युनिकच्या रुडॉल्फ शिंडलरने १९३२ मध्ये गेऑर्ग वुल्फ या कारागिराकडून थोडी वाकणारी दुर्बीण करून घेतली. तो बघत असताना त्याची बायको, गॅब्रिएल, रुग्णाचं डोकं धरून बसायची. नळी आत सरकेल तशी मान किती कलती करायची, ही अर्धी विद्या तिच्या तळव्यांत होती. नाझींमुळे १९३४ मध्ये दोघं शिकागोला गेली आणि अमेरिकेतले डॉक्टर शिंडलरकडून ही विद्या शिकले. गॅब्रिएलकडून डोकं धरायला कोण शिकलं, याचा विचार मात्र मी अजून करतो. १९५७ मध्ये मिशिगन विद्यापीठात बेसिल हिर्शोविट्झने काचतंतूंची लवचीक दुर्बीण केली आणि आधी स्वतःच्याच घशात घातली. शिकणाऱ्याने आधी आपलाच नकाशा खावा, असा न्याय.

पण शिकवण्याची खरी अडचण वेगळीच होती. त्या दुर्बिणींना डोळा लावायची जागा एकच. शिष्य बघत असला की गुरू आंधळा, गुरू बघत असला की शिष्य आंधळा. "काय दिसतंय?" "लाल दिसतंय, सर." एवढ्या भांडवलावर पिढ्या शिकल्या. मग बाजूला दुसरा डोळा जोडायची सोय आली, आणि १९८३ मध्ये दुर्बिणीच्या टोकावरच कॅमेरा बसला. चित्र पडद्यावर आलं, सगळ्या खोलीला दिसलं. सरांना हात पाठीमागे बांधता येतात ते या पडद्यामुळे.

हात बसायला किती वेळा लागतात? आईचा हिशेब महिन्याचा होता. अमेरिकेतल्या एंडोस्कोपी संघटनेने बरीच वर्षं असं धरलं होतं की १३० गॅस्ट्रोस्कोप्या आणि १४० कोलोनोस्कोप्या, म्हणजे मोठ्या आतड्याच्या तपासण्या, झाल्याशिवाय शिकाऊ डॉक्टरची पारखही करू नये. मग मेयो क्लिनिकमध्ये शिकणाऱ्यांचा प्रत्येक हात मोजला, तेव्हा कोलोनोस्कोपीला २७५ च्या आसपास लागतात असं निघालं. मोठं आतडं म्हणजे काही सरळ बोगदा नव्हे. नळी ढकलावी तर आत तिचं वेटोळं होतं, टोक जागच्या जागी राहतं आणि रुग्ण कळवळतो. तिथे पुढे जायचं तर आधी मागे ओढावं लागतं.

इंग्लंडने जे केलं त्याला मी मानतो. तिथल्या तीन विभागांतल्या नऊ हजारांवर कोलोनोस्कोप्या तपासल्या गेल्या, निकाल २००४ मध्ये छापला. डॉक्टर सांगत होते, आम्ही ७७ टक्के वेळा आतड्याच्या शेवटापर्यंत पोचतो. पुरावा मागून मोजलं तर आकडा आला ५७. पहिल्या शंभर तपासण्या कुणाच्या देखरेखीखाली केलेले डॉक्टर होते १७ टक्के. बाकीचे कुणाच्या पोटात, कुणाच्या भरवशावर शिकले? ही लाज त्यांनी झाकली नाही. शिकवण्याचे अभ्यासक्रम आले, प्रत्येक तपासणीची नोंदवही आली, गुरूंनाही शिकवायला शिकवलं गेलं. २०११ च्या पाहणीत तोच आकडा ९२ च्या वर होता. पुढच्या आकड्यापेक्षा आधीचा छापला, याचं मला कौतुक जास्त.

केनियातल्या बोमेटची गोष्ट निराळी. त्या भागात अन्ननलिकेचा कर्करोग फार. माणूस येतो तेव्हा पाणीही उतरत नसतं. तिथल्या टेनवेक रुग्णालयात दुर्बिणीने पाहून अन्ननलिकेत जाळीची नळी बसवतात, एक्स-रेच्या पडद्याशिवाय, आणि शेकडो माणसं त्यामुळे पुन्हा जेवली आहेत. पहिल्या तपासणीतच काय दिसतंय हे ओळखावं लागतं. अशा ठिकाणी शिकायला रुग्ण कमी पडत नाहीत. कमी पडतात दुर्बिणी, त्या बिघडल्यावर दुरुस्त करणारे, आणि मागे हात बांधून उभं राहायला वेळ असलेले सर. जागतिक गॅस्ट्रोएंटरॉलॉजी संघटनेने सोवेटोमध्ये २००१ पासून केंद्र चालवलं ते याच कारणाने: आफ्रिकेतल्या डॉक्टराने शिकायला लंडनला जाऊ नये, आणि गेला तर तिथेच राहू नये.

आता कणकेऐवजी प्लास्टिकची पोटं आहेत. जर्मनीतल्या एर्लांगेनमध्ये डुकराच्या जठरावर शिकवायची पद्धत निघाली. संगणकाची खोटी आतडी तर कण्हतातसुद्धा. पहिल्या काही डझन चुका तिथे झालेल्या बऱ्या. त्यानंतर मात्र जिवंत माणूसच लागतो, कारण प्लास्टिकला उमासे येत नाहीत. शिवाय पडद्यावर मोठ्या आतड्यातल्या गाठीभोवती चौकट काढून दाखवणारी कृत्रिम बुद्धिमत्ता आली आहे. पोलंडमधली चार केंद्रं, प्रत्येकी दोन हजारांवर तपासण्या केलेले १९ डॉक्टर. या मदतीची सवय झाल्यावर ती नसताना त्यांना अशा गाठी सापडण्याचं प्रमाण २८.४ टक्क्यांवरून २२.४ वर आलं, असं २०२५ मध्ये प्रसिद्ध झालं. एकाच अभ्यासावर निवाडा करू नये. पण बसलेला हात उठतोही, हे आईला ठाऊक होतं. दोन महिने पोळपाटाला हात लागला नाही की ताईच्या पोळ्या पुन्हा थोड्या ऑस्ट्रेलियाकडे झुकत.

त्या मुलीचा हात लहान होता. दुर्बिणीची मूठ एकाच मापाची येते, आणि ते माप तिच्यासारख्यांचा हात डोळ्यांपुढे ठेवून काढलेलं नाही. लांबचं चाक फिरवताना तिचा अंगठा ताणून पांढरा पडलेला मी पाहिला. अंगठे आणि मनगटं दुखणं हे या धंद्यातलं नेहमीचं दुखणं. माझी तपासणी संपल्यावर ती माझे ओठ पुसत म्हणाली, "काका, त्रास झाला ना? सॉरी हं." आणि हातमोजा काढून अंगठा चोळू लागली.

पोटात छोटा व्रण निघाला. गोळ्या झाल्या, आता पुढच्या महिन्यात पुन्हा बघायचा आहे. संमतीपत्रावर सही करताना मी विचारणार आहे, ही तुमची कितवी? उत्तर काहीही आलं तरी सही करणार. फक्त मागे कुणी उभं आहे ना, तेवढं आधी बघून घेणार.