गॅप

ऑक्टोबर उजाडला की वाशिमच्या माझ्या दवाखान्यातली बाकं भरून जातात. सोयाबीनची सोंगणी उरकत आलेली असते. रिसोड, मालेगाव, मानोऱ्याकडच्या बाया कंबरेला हात लावून बसलेल्या असतात. बाजार समितीतले दोन-चार हमाल मात्र भिंतीला टेकून उभेच असतात, कारण बसलं की त्यांच्या पायात कळ जाते. नाव पुकारल्यावर माणूस बाकावरून कसा उठतो, दारातून कसा आत येतो, हे मी आधी पाहतो. निम्मी तपासणी तिथंच होऊन जाते.

एका हंगामात एक मावशी आल्या, गुत्त्यानं सोंगणी करणाऱ्या. खुर्चीवर टेकायच्या आधीच त्यांनी बाजाराच्या पिशवीतून एमआरआयची फिल्म काढून टेबलावर ठेवली.

"डॉक्टरसायेब, माह्या मणक्यात गॅप निघाला. आता ऑपरेशनच करा लागते म्हनतात."

"कोण म्हणतं, मावशी?"

"सारेच म्हनतात."

हा शब्द आता घराघरांत पोचला आहे, आणि माझ्या मते त्यानं मणक्यांच्या आजाराइतकंच नुकसान केलं आहे. 'गॅप' म्हटलं की ऐकणाऱ्याच्या डोळ्यांपुढे भिंतीला तडा जावा तशी हाडं सुटून मधे पोकळी पडल्याचं चित्र उभं राहतं. मग माणूस वाकायला भितो, चालायला भितो, पट्टा बांधून महिनोन्‌महिने बाजेवर पडतो. खरं तर घडलेलं असतं उलटंच. दोन मणक्यांच्या मधे गादी असते. एक्स-रेमध्ये ती दिसत नाही, तिच्या जागी काळी फट दिसते. वय आणि कष्टांबरोबर गादीतलं पाणी कमी होतं, ती चपटी होते आणि फट अरुंद दिसू लागते. म्हणजे गॅप येत नाही, होता तो कमी होतो. घरातली कापसाची गादी वापरून दबते तसंच हे. फरक इतकाच, की ही गादी पिंजाऱ्याकडून पिंजून आणता येत नाही.

आणि दबलेली गादी दुखतेच असंही नाही. १९९४ साली अमेरिकेत कंबर न दुखणाऱ्या ९८ माणसांचे एमआरआय काढले गेले. त्यांतल्या निम्म्याहून अधिक जणांच्या फिल्ममध्ये कुठली ना कुठली गादी फुगलेली निघाली. दुखत नसलेल्यांची ही गत असेल, तर दुखणाऱ्याच्या फिल्ममध्ये फुगवटा दिसला म्हणून दुखण्याचं कारण तोच, असं कसं म्हणायचं? म्हणून फिल्म मी शेवटी पाहतो. मावशींना उताणं झोपवलं, गुडघा न वाकवता एकेक पाय वर उचलला. कळ गेली नाही. "अंगठा वर ताणून धरा, मी खाली दाबतो, दाबू देऊ नका," म्हटलं. अंगठा असा घट्ट धरला की मलाच जोर लावावा लागला. पायात मुंग्या नाहीत, बधिरपणा नाही. ऑपरेशनाची काही गरज नव्हती.

"मंग एवढी दुखते काहून?" त्यांनी विचारलं. आवाजात सुटकेपेक्षा निराशाच जास्त होती. एमआरआयला पैसे गेले होते, दोन दिवसांची मजुरी बुडाली होती.

त्या 'काहून'ला उत्तर देणं हे ऑपरेशनापेक्षा अवघड काम आहे. सोयाबीनचं झाड गुडघ्याएवढं. विळा जमिनीलगत चालवायचा, म्हणजे सकाळपासून दिवस कलेपर्यंत ओणवं. स्वीडनचे डॉक्टर आल्फ नाखेमसन यांनी १९६० च्या दशकात जिवंत माणसांच्या गादीत सुई घालून आतला दाब मोजला. उभं असताना दाब १०० धरला, तर उताणं झोपल्यावर तो २५ वर येतो, बसल्यावर १४० होतो आणि हातात वजन घेऊन पुढे वाकलं की २०० च्या पुढे जातो. मावशींच्या कंबरेनं हे तीन आठवडे सोसलं होतं. तिचे स्नायू थकले होते, हाडं मोडली नव्हती.

आमच्या आजोळी कुणाला उसण भरली की पायाळू माणसाला बोलावत. जन्मताना ज्याचे पाय आधी बाहेर आले तो पायाळू. त्यानं कंबरेला पाय लावला की उसण उतरते, असा समज. मेडिकल कॉलेजात गेल्यावर मला याची लाज वाटायची. आता वाटत नाही. नुसती भरलेली कंबर बहुतेकांची काही आठवड्यांत आपोआप मोकळी होते. पायाळूच्या पदरात यश पडायचं ते त्यामुळे, आणि माझ्या गोळ्यांच्या पदरातही बरंचसं त्यामुळेच पडतं. शिवाय पायाळू म्हणायचा, "झालं, ऊठ, कामाला लाग." हा सल्ला चांगला होता. फिनलंडमध्ये १९९५ साली हेच तपासून पाहिलं: झोपून राहिलेल्यांपेक्षा झेपेल तसं हिंडत-फिरत राहिलेले लवकर बरे झाले.

मग सुरी कधी उचलायची? कंबरेपेक्षा पाय जास्त दुखत असेल, कुल्ल्यापासून पोटरीपर्यंत वीज जावी तशी कळ येत असेल, औषधं घेऊन आणि जपून सहा आठवडे झाले तरी ती हटत नसेल, आणि तपासणीत जी शीर दबलेली वाटते तीच फिल्ममध्येही दबलेली दिसत असेल, तेव्हा. ऑपरेशनाला मी अकोल्याला जातो. रुग्ण पालथा असतो. कंबरेच्या मधोमध तीनेक सेंटिमीटरचा छेद. स्नायू बाजूला सारला की मणक्यांच्या कमानींमधला पिवळा पडदा लागतो. मायक्रोस्कोपखाली तो उघडला की शीर दिसते. एरवी पांढुरकी आणि सैल असणारी ती शीर, इथे लालसर आणि तुणतुण्याच्या तारेसारखी ताणलेली. ती हळूच मधल्या बाजूला सरकवायची. खाली गादीचा सुटलेला तुकडा असतो, कोवळ्या खोबऱ्यासारखा, कधी तुरीच्या दाण्याएवढा, कधी करंगळीच्या पेराएवढा. तो चिमट्यात आला की ताण सुटतो आणि इतका वेळ निपचित असलेलं शिरांवरचं आवरण नाडीबरोबर हलू लागतं. इतक्या वर्षांनंतरही त्या क्षणी मी हात थांबवून बघत राहतो. उरलेल्या गादीला हात लावायचा नाही.

तरी या ऑपरेशनानं काय मिळतं, हे रुग्णाला आधी सांगायला हवं. नॉर्वेच्या हेन्रिक वेबर यांनी १९८३ साली १२६ रुग्णांचा दहा वर्षांचा हिशेब मांडला. पहिल्या वर्षी ऑपरेशन झालेले पुढे होते; चौथ्या वर्षी फरक जवळजवळ मिटला; दहाव्या वर्षी उरला नाही. म्हणजे बहुतेकांच्या बाबतीत ऑपरेशनानं वेळ मिळतो. नोकरदाराला एखाद वर्ष थांबता येतं. तीन एकरवाल्याचा एक खरीप बुडाला तर सावकार दारात येतो. फिल्म सारखीच असली तरी दोघांना मी एकच सल्ला देत नाही.

म्हातारपणी मणक्यांमधली, शिरा जाते ती नळीच अरुंद होते, तिचं दुखणं वेगळं. एक आजोबा सायकलवर शेतात जायचे, पण चालत बालाजीच्या मंदिरापर्यंत त्यांना जाववत नव्हतं. दोनशे पावलांत पाय भरून यायचे, खाली बसलं की मोकळे व्हायचे. सायकलवर माणूस पुढे वाकतो आणि नळी थोडी उघडते. अशांना नळी मोकळी करून दिली की फार सुख लागतं. स्क्रू आणि पट्ट्या घालून मणके जोडणं याहून मोठं काम. मूळचे गोव्याचे डॉ. प्रेमानंद रामाणी यांनी मुंबईच्या सायन रुग्णालयात ही विद्या रुजवली. ती घसरलेल्या, अस्थिर मणक्यांसाठी आहे. नुसत्या दबलेल्या गादीसाठी मी ती कधी वापरत नाही. आणि रात्री दुखणं वाढत असेल, संध्याकाळी ताप येत असेल, वजन उतरत असेल, तर तो मणक्याचा क्षयही असू शकतो. तो आपल्याकडे अजून सापडतो आणि बहुतेक वेळा औषधांनीच बरा होतो.

मावशींना मी सांगितलं ते एवढंच. दर तासाला, ओळ संपली की उभं राहायचं, हात कंबरेवर ठेवून पाच वेळा मागे वाकायचं. घरधन्याला सांगायचं, १६ लिटरचा फवारणी पंप जमिनीवर भरून पाठीवर घेऊ नका. बांधावर नाहीतर बैलगाडीवर ठेवून भरा आणि उभ्यानंच पट्टे अडकवा. पोतं पोटाशी धरून उचला, उचलताना कंबर वळवू नका. बिडी सोडा, गादीला स्वतःच्या रक्तवाहिन्या जवळजवळ नसतात, जे थोडं पोषण मिळतं ते बिडी तोडते. रोज अर्धा तास चाला. दिवाळीनंतर मावशी पुन्हा आल्या, त्या शेजारणीला घेऊन. स्वतःच्या कंबरेचं त्यांनी काही काढलं नाही.

पण एक बाई मला विसरता येत नाही. पायात कळ, मग बसायच्या जागी बधिरपणा, मग लघवी अडली. सोंगणीचे दिवस होते. घरच्यांनी आधी मालीश केली, मग एकानं इंजेक्शन दिलं, मग दुसऱ्यानं लघवीची नळी घालून घरी पाठवलं. माझ्यापर्यंत त्या तिसऱ्या दिवशी पोचल्या. त्याच रात्री ऑपरेशन केलं. मोठा तुकडा निघाला, पायातली कळ थांबली. लघवीवरचा ताबा पूर्ण परत आला नाही. त्यांचं वय तेव्हा ३४ होतं.

म्हणून हात जोडून सांगतो. कंबर दुखते म्हणून घाबरू नका. पण लघवी अडली, बसायची जागा बधिर झाली किंवा पायातून चप्पल आपोआप निसटू लागली, तर सकाळची वाट पाहू नका. त्याच रात्री १०८ ला फोन करा आणि मणक्याचं ऑपरेशन होतं अशा ठिकाणी पोचा.