खोडव्याचा हंगाम

लागणीचा ऊस तुटून कारखान्याला गेला की रान मोकळं दिसतं. कराडपासून सांगलीपर्यंतच्या कृष्णाकाठच्या शेतकऱ्याला मात्र ते मोकळं वाटत नाही. बुडखे जमिनीत शाबूत आहेत आणि पाणी मिळालं की त्यांना कोंब येऊन खोडव्याचं पीक उभं राहणार, हे त्याला ठाऊक असतं. जाणता शेतकरी पाचट जाळत नाही, सरीत पसरतो. बुडखे जमिनीलगत छाटतो. जिथे फूट आली नाही तिथे नांग्या भरतो. कॉलेजच्या बास्केटबॉल संघावर जीव लावणाऱ्या माणसाने ही नजर त्याच्याकडून घ्यावी, असं मला मनापासून वाटतं. कारण कॉलेजचा संघही ठरलेल्या वेळी तुटतोच. पदवीची तीन वर्षं सरली की बोर्डाखाली भिंतीसारखा उभा राहणारा सेंटर जातो, सगळ्या संघाला डोळ्यांनी खेळवणारी गार्ड जाते, आणि जूनमध्ये अंगावर न बसणारे बनियन घातलेली नवी मुलं-मुली कोर्टावर येतात. मग तीन-चार हंगामांनंतर आपण म्हणतो, ‘संघ सुधारला.’ खेळाडू तर तेच राहिले नाहीत. मग सुधारलं ते नेमकं काय? माझ्या मते सुधारते ती सवय. जाणाऱ्यांनी येणाऱ्यांच्या हाती दिलेली, कोणा एकाच्या मालकीची नसलेली सवय. कॉलेजच्या संघाचा बुडखा तोच. चाहत्याने पाहायचं, मोजायचं आणि राखायचं ते त्यालाच.

आपल्याकडे हे पाहणं सोपं नाही, कारण पाहायला वेळच थोडा मिळतो. 1962 साली स्थापन झालेल्या शिवाजी विद्यापीठाच्या छत्राखाली कोल्हापूर, सांगली आणि सातारा हे तीन जिल्हे येतात. आधी आपापल्या जिल्ह्याच्या विभागात कॉलेजं एकमेकांशी भिडतात, मग विभागांच्या लढती होतात, आणि त्यांतून निवडलेला विद्यापीठाचा संघ पश्चिम विभागाच्या आंतरविद्यापीठ स्पर्धेला जातो. या साखळीत पूर्वी साताऱ्याचं 1947 पासूनचं छत्रपती शिवाजी कॉलेज होतं; सांगलीचं 1919 पासूनचं विलिंग्डन आजही आहे. सामने बाद पद्धतीचे असले तर पहिल्याच सामन्यात हरलेल्या संघाचं वर्ष चाळीस मिनिटांत संपतं. त्यातून जिथे कोर्ट उघड्यावरचं, सिमेंटचं, तिथे सराव पावसाच्या मर्जीवर. शेवाळलेल्या सिमेंटवर धावायचं की पाय मोडून घ्यायचा, हा प्रश्न साताऱ्याच्या पावसात रोजचा. अशा हंगामाला ‘जिंकले’ आणि ‘हरले’ एवढे दोनच शब्द लावायचे, तर आपण काट्याने तोलायची वस्तू नजरअंदाजाने तोलतो आहोत.

काटा तर या खेळाजवळच आहे. बास्केटबॉल जन्माला आला तोच एका वर्गात. डिसेंबर 1891 मध्ये अमेरिकेतल्या स्प्रिंगफील्डला जेम्स नेस्मिथ या शिक्षकाने हिवाळ्यात कोंडलेल्या विद्यार्थ्यांसाठी व्यायामशाळेच्या सज्जाला पीचची टोपली ठोकली आणि तेरा नियम लिहून काढले. त्या पहिल्या खेळात एकच बास्केट पडल्याचं सांगतात. आज चाळीस मिनिटांत साठ-सत्तर गुण सहज होतात, म्हणून या खेळातला पराभव इतका बोलका असतो. समजा, एखादा संघ पहिल्या लढतीत तीस गुणांनी हरला आणि पुढच्या लढतीत सहा गुणांनी. फलकाखाली दोन्ही वेळा ‘पराभूत’ असंच लिहिलं जाईल. पण मधल्या चोवीस गुणांत एक आख्खा हंगाम दडलेला असतो. चेंडू किती वेळा फुकट हातातून गेला, फ्री थ्रो किती पडले, चुकलेल्या नेमानंतरचे रिबाउंड कोणी काढले, आणि दम संपायला लागतो त्या तिसऱ्या दहा मिनिटांत संघ किती टिकला, या चार गोष्टी वहीत उतरवल्या की संघाचं खरं वय कळतं. रिंग सगळीकडे 3.05 मीटरवरच असते. फ्री थ्रोची रेषा फळ्यापासून 4.6 मीटरवर. या अंतरात साताऱ्याला सवलत नाही की लॉस एंजेलिसला नाही. म्हणून या आकड्यांत खोटं बोलायला जागा उरत नाही.

यावर कोणी म्हणेल, चाहता आहे तो, त्याला हवं तेच दिसणार. आणि वर्षं गेली की सगळेच थोडेफार सुधारतात. पहिल्या भागातलं खरं मी मान्य करतो, म्हणूनच वहीचा आग्रह धरतो. प्रेमाने डोळा भरून येतो, वही भरून येत नाही. दुसरा भाग मात्र साफ चुकीचा आहे. अमेरिकेत कॉलेज बास्केटबॉलवर पैशांचा आणि प्रशिक्षकांचा पूर लोटला, खेळाडू अधिक उंच, अधिक ताकदवान झाले. तरी पुरुषांच्या कॉलेज संघांचं फ्री थ्रोचं प्रमाण 1965 च्या सुमारापासून कित्येक दशकं शंभरात जवळपास 69 वरच अडून राहिलं. समोर कोणी अडवायला नाही, अंतर ठरलेलं, तरी ही गत. काळ आपोआप कोणाला सुधारत नाही. खोडव्याचंही तेच आहे: दुर्लक्ष केलं की त्याचा उतारा लागणीपेक्षा घसरतोच. राखला जाईल तोच पिकतो. म्हणून एखादा संघ वर्षागणिक वर सरकताना दिसला, तर तिथे कोणीतरी रोज पहाटे काहीतरी राखतो आहे, हे निश्चित समजावं.

पराभवाचं काय करता येतं, याचा मला सर्वांत मोठा वाटणारा पुरावा व्हर्जिनिया विद्यापीठाचा आहे. मार्च 2018 मध्ये हा संघ देशात अव्वल मानांकन घेऊन राष्ट्रीय स्पर्धेत उतरला आणि पहिल्याच फेरीत सोळाव्या मानांकनाच्या संघाकडून 74–54 असा हरला. पुरुषांच्या त्या स्पर्धेत अव्वल मानांकित संघावर अशी वेळ तोवर कधीच आली नव्हती. पुढच्या वर्षी उपांत्य सामन्यात तोच संघ दोन गुणांनी मागे होता, 0.6 सेकंद उरलं होतं आणि काइल गाय तीन फ्री थ्रोंसाठी रेषेवर उभा होता. तिन्ही पडले, सामना 63–62. दोन दिवसांनी व्हर्जिनियाने विजेतेपद घेतलं. त्या मुलाने आदल्या वर्षीचा पराभव सोसला होता. पण ते तीन फ्री थ्रो पडले ते सोसण्याच्या बळावर नव्हे, रिकाम्या हॉलमध्ये मारलेल्या हजारो फ्री थ्रोंच्या बळावर. पराभव माणसाला कोर्टापर्यंत आणून सोडतो. पुढचं काम सवयीचं.

आपल्याकडे तक्रार उंचीची असते. आमच्या पोरांना उंची कुठे आहे, असं म्हटलं की जणू विषय संपला. पण जॉन वुडन यांच्याकडे पाहा. 1948 मध्ये ते लॉस एंजेलिसच्या विद्यापीठात प्रशिक्षक झाले. विभागातले विजय मिळत गेले, तरी पहिलं राष्ट्रीय विजेतेपद आलं 1964 मध्ये, सोळाव्या हंगामात. तेव्हा सुरुवातीच्या पाचांत साडेसहा फुटांचा एकही खेळाडू नव्हता. त्या दर्जाच्या स्पर्धेत तो संघ बुटकाच म्हणायचा. त्यांनी पूर्ण कोर्टभर दबाव टाकणारा बचाव रचला, समोरच्याला श्वास घेऊ दिला नाही आणि तीसच्या तीस सामने जिंकले. ते धरून बारा वर्षांत दहा विजेतेपदं आली. हे वुडन पहिल्या दिवशी काय शिकवत? पायमोजे घालायला. चुण्या राहिल्या की फोड येतो, फोड आला की सराव बुडतो. खेळाडू येत राहिले, जात राहिले. पायमोजे घालायची पद्धत राहिली. उंची बाहेरून आणावी लागते. पद्धत मात्र उघड्यावरच्या सिमेंटच्या कोर्टावरही पेरता येते.

एक आक्षेप अधिक जिव्हाळ्याचा आहे. ही माती एकट्याच्या पराक्रमाची, असं म्हणतात. गोळेश्वरचे खाशाबा जाधव, कवठेपिरानचे मारुती माने, सांगलीचा वेटलिफ्टर संकेत सरगर, साताऱ्याची तिरंदाज आदिती स्वामी. सगळी एकेकटी नावं. पाच जणांनी चेंडू वाटून घ्यायचा खेळ इथे रुजणार कसा? मला वाटतं, हा आक्षेप मैदान पाहतो, तालीम पाहत नाही. हलगीच्या ठेक्यावर मल्ल एकटा उतरतो खरा; पण त्याचा डाव वस्तादाने घोटून घेतलेला असतो, थोरल्या मल्लाने त्याला रोज अंगावर घेतलेलं असतं, आणि उद्या तोच धाकट्यांना अंगावर घेणार असतो. तालमीत पठ्ठे बदलतात, तालीम तीच राहते. कॉलेज संघाला हवी असलेली रीत ती हीच, आणि ती आपल्याला कोणाकडून उसनी आणायची नाही. खाशाबांचंच पाहा. 1948 च्या लंडन ऑलिंपिकला मातीत घडलेला हा मल्ल अनोळखी मॅटवर खेळला आणि सहावा आला. 1952 ला हेलसिंकीत त्याने कांस्यपदक घेतलं. त्या दुसऱ्या प्रवासासाठी कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयाचे प्राचार्य खर्डेकर यांनी आपलं घर गहाण टाकलं. सहाव्या क्रमांकात पुढचं पदक पाहणारा तो माणूस माझ्या लेखी या भूमीतला थोर चाहता आहे. जिंकलेल्याला खांद्यावर घ्यायला गाव लोटतं. सहाव्यासाठी घर गहाण ठेवायला नजर लागते.

शेवटचा प्रश्न व्यवहाराचा: या सुधारण्याचं पुढे होतं काय? सरकारी नोकरीतलं 5 टक्के क्रीडा आरक्षण पदक आणि क्रमांक पाहतं. तीस गुणांवरून सहा गुणांवर आल्याचं प्रमाणपत्र कोणी देत नाही. आणि आलेली सुधारणा टिकतेच असंही नाही. सांगलीच्या स्मृती मानधनाच्या नेतृत्वाखाली बंगळूरचा संघ 2023 च्या महिला प्रीमियर लीगमध्ये पहिले पाच सामने हरला, आठांपैकी दोनच जिंकला. पुढच्याच वर्षी, 17 मार्च 2024 ला, दिल्लीला आठ गडी राखून हरवून तो विजेता झाला. आणि 2025 मध्ये पुन्हा चौथ्या स्थानावर घसरला. या चढउताराचं मला दुःख होतं, आश्चर्य वाटत नाही. जे राखावं लागतं ते निसटूही शकतं, म्हणून तर राखणाऱ्याला मोल आहे. आणि प्रमाणपत्राचं म्हणाल, तर कर्मवीर भाऊराव पाटलांच्या ‘कमवा आणि शिका’ योजनेत घाम गाळून शिकलेल्या मुलांच्या हाताचे घट्टेही गुणपत्रिकेत कधी छापले गेले नाहीत. म्हणून ते शिक्षणाबाहेरचे ठरले का? एकोणीस वर्षांची मुलगी दमलेली असताना स्वतः नेम न धरता मोकळ्या मैत्रिणीला चेंडू देते, तेव्हा तिच्यात जे घडतं ते कॉलेजच्या कुठल्याही तासाइतकंच शिक्षण आहे.

तेव्हा ज्यांच्या लाडक्या संघाचा हंगाम चांगला चालला आहे, त्यांना माझी विनवणी आहे. अंतिम सामन्याला जरूर या, घसा बसेपर्यंत ओरडा. पण खरे या ते पुढच्या मोसमाच्या पहिल्या सामन्याला, ज्यांच्या नावाने ओरडलो ती मुलं पास होऊन गेल्यावर. संघ कदाचित हरेल. फलकाकडे पाहू नका. नव्या, घाबरलेल्या पहिल्या वर्षाच्या मुलाकडे पाहा. त्याने बास्केट मारली की तो हात उंचावून घुटमळतो, की कोणी न सांगता पाठ फिरवून बचावाला धावतो? धावला, तर समजा कोंब आला.