कोको, सोमल आणि चाळीस रुपये

दिवाळीला आलेला नातू एक पुस्तक माझ्याकडे विसरून गेला. (मुद्दाम, असा माझा संशय आहे!) रिक गिअरी या अमेरिकन चित्रकाराचं, २००६ सालचं. व्हिक्टोरिया राणीच्या काळातले खरे खून तो कॉमिक्समधून सांगतो, त्या मालिकेतलं. माझं इंग्रजी बेताचंच, शब्दकोश शेजारी घेऊन बसले.

गोष्ट ग्लासगोची, १८५७ची. मॅडलिन स्मिथ, आर्किटेक्टची मुलगी, वय एकवीस. प्रियकर लांजेलिए साधा कारकून. दुसरीकडे लग्न ठरल्यावर तिनं आपली पत्रं परत मागितली, तो देईना. मार्चमध्ये तो मेला, पोटात सोमल सापडला. तळघराच्या खिडकीतून ती त्याला कोको देत असे. आणि सोमल तिनं दुकानातून चक्क सही करून आणला होता! दुकानदाराला सांगितलं, उंदरांसाठी. चौकशीत सांगितलं, चेहऱ्याला लावायला.

गिअरी हे इतक्या गंभीर चेहऱ्यानं सांगतो की हसू फुटतं. काळ्यापांढऱ्या रेघा, नकाशे, कुठे आरडाओरडा नाही. मग लाज वाटते, अहो, माणूस तडफडून मेलाय!

मी अडकले ते निकालापाशी. त्या रात्री दोघं भेटले हे सरकारी पक्षाला दाखवता आलं नाही. स्कॉटलंडमध्ये तेव्हा दोषी आणि निर्दोष यांखेरीज तिसराही निकाल होता : 'सिद्ध झालं नाही'. ती सुटली आणि १९२८ पर्यंत जगली.

माझ्या वर्गात असा तिसरा निकाल नव्हता. सहावीच्या सहलीचे चाळीस रुपये टेबलाच्या खणातून गेले. मधल्या सुट्टीत एक मुलगा वर्गात एकटा होता, एवढाच पुरावा. त्याचं दप्तर सगळ्यांसमोर उलटं केलं. काही निघालं नाही. तरी तास संपेपर्यंत त्याला उभं ठेवलं. "बाई, मी नाही घेतले," एवढंच तो म्हणाला. पुढच्या वर्षी त्यानं शाळा बदलली. पैसे कोणी घेतले ते आजतागायत कळलं नाही. आता तो पन्नाशीत असेल. रस्त्यात भेटला तर मी ओळखीन की नाही कोण जाणे, तो मात्र मला नक्की ओळखेल.

काल नातवाचा फोन आला. "आजी, आवडलं? आता लिझी बोर्डनचं पाठवतो. १८९२, अमेरिका, वडील आणि सावत्र आई, कुऱ्हाड!"

"ती दोषी ठरली का रे?"

"नाही, सुटली."

पाठव म्हटलं.